परसात पुरलेली तीनपानी

प्यो बोंगसुनबाईंच्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली, आणि तीही कचऱ्याची.

डोंगरात दुर्मिळ बिया जपून ठेवणाऱ्या कोठीत त्या बिया पाखडायच्या, काचेची भांडी धुवायच्या. तीन पानांवर एकच पांढरं फूल मिरवणारी तीनपानी एकाच उतारावर उरली होती. दरड कोसळून तो उतारच गेला. कोठीतल्या थंड खोलीत चाळीस बिया राहिल्या. त्यांत जीव आहे का हे बघायला कोठीतल्या तरुण शास्त्रज्ञ योम डॉक्टरीणबाईंनी वीस बिया ओल्या कागदावर ठेवल्या. चाळीस दिवसांत एकही फुटली नाही.

"मेल्या. टाकून द्या, काकू."

बाईंनी एक बी नखाने दाबून पाहिली. टणक होती. "मेल्या कसल्या? झोपल्यात. दोन हिवाळे काढल्याशिवाय ही बया डोकं वर काढत नाही."

"काकू, कळतं का त्यातलं काही?"

हे फार झोंबलं. बिया जेवणाच्या डब्यातून घरी गेल्या, ओल्या वाळूसकट एका बरणीत बसल्या आणि ती बरणी परसात किमची लोणच्याच्या बरण्यांशेजारी गळ्यापर्यंत पुरली गेली. धोका होता नवऱ्याचा. पथ्यात मीठ बंद झाल्यापासून नवरा, मान्सोक, दिसेल त्या बरणीत हात घालत. म्हणून बाईंनी गळ्याला मिरच्या-कोळसे अडकवलेली गवताची दोरी बांधली, नव्या सोया सॉसला नजर लागू नये म्हणून बांधतात तशी. ती सोडून सॉस नासवणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नसते.

"दोन वर्षं झाली! मुरतो तरी कधी हा सॉस?"

"तुमच्यावर गेलाय. सगळं उशिरा."

दुसऱ्या वसंतात कोठीत ठरलं, उरलेल्या वीस बियाही सोमवारी टाकायच्या. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर तीनपानीच जाणार. रविवारी त्यांनी दोरी सोडून झाकण काढलं. वाळूतून अकरा फिकट कोंब वर आले होते. बाई तिथेच आनंदाने रडल्या.

मान्सोक डोकावले. "म्हणजे दोन वर्षं मी वाळूला घाबरत होतो?"

सोमवारी बरणी थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेली. त्यांनी कोंब दोनदा मोजले.

"काकू, ही चोरी आहे."

"आहे ना. परत कचऱ्यात टाकू?"

डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले. टाकायच्या ढिगातलं वीस बियांचं पाकीट त्यांनी उचललं आणि स्वतःच्या हाताने थंड खोलीत परत नेऊन ठेवलं.