सीलबंद बाटलीतलं नायट्रेट

"म्याडम, हे पानी आमच्या बोरिंगचं नोहे."

पाणी तपासायच्या आमच्या लॅबमध्ये मी नुकताच सुमनबाईंच्या हातात रिपोर्ट दिला होता. नायट्रेट जास्त, पिण्यास अयोग्य. महिन्याभरापूर्वी त्यांच्या वस्तीतल्या बोरिंगच्या हातपंपाचा असाच रिपोर्ट मीच दिला होता. त्यावरून पंपाला लाल रंग लागला आणि साखळी बांधली गेली.

"मग कुठलं आहे?"

"साकोलीच्या बसस्टँडवर सीलबंद बाटली घेतली, ते तुमच्या सॅम्पलच्या बाटलीत ओतून आनलं. तुमची मशीन काय म्हनते, मले पाहाचं होतं."

"असं काहून केलं तुम्ही?"

"बोरिंग बंद झाली तवापासून आमी तलावाचं पानी पिऊन राहिलो. सासूले हगवन लागली, आठ दिवस दवाखान्यात होती. अजून खाटेवरून उठत नाही."

सीलबंद पाण्यातही नायट्रेट निघालं, म्हणजे चूक आमच्याच तपासणीत असावी. मी त्यांना बाकावर बसवलं आणि आत गेले.

पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकडा असतो. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन. ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार, हायड्रोजनकडे थोडा धन. या दोन टोकांनी पाणी नायट्रेटसारखे क्षार ओढून स्वतःत विरघळवून घेतं. म्हणून पाणी आपोआप शुद्ध राहत नाही. लॅबमध्ये ते रेझिन नावाच्या बारीक मण्यांच्या नळीतून गाळून क्षार काढतात. अशा पाण्याला आम्ही डीआय वॉटर म्हणतो.

मशीनला झेपावं म्हणून आम्ही एक भाग सॅम्पलमध्ये नऊ भाग डीआय मिसळायचो आणि आकड्याला दहाने गुणायचो. डीआयमध्ये नायट्रेट असेल, तर तेही नऊपट होऊन आकड्यात येणार. म्हणून आधी नुसतं डीआय तपासायचं. ही ब्लँक. कामाच्या घाईत महिनाभर मी ती लावलीच नव्हती.

आता लावली. शून्य यायला हवं होतं. आलं नाही. रेझिनची क्षार धरायची ताकद कधीच संपली होती. तो आकडा घेऊन मी लॅबच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेले.

सर म्हणाले, "पुन्हा सॅम्पल घे, नवा रिपोर्ट दे. चूक लिहाची काय गरज आहे?"

"सर, माझ्या रिपोर्टमुळे माणूस दवाखान्यात गेलं."

चुकीची नोंद लिहिलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली. महिन्याभराचे सगळे रिपोर्ट रद्द झाले.

नवीन रेझिन आलं. पंपाचं सॅम्पल आणायला मी स्वतः गेले. पाणी चांगलं निघालं, साखळी सुटली. सुमनबाईंच्या घरी गेले, तेव्हा सासू खाटेवर पडून होत्या. मी माझी चूक सांगितली.

 सासूबाईंनी विचारलं, "आमी अडानी मानसं. सुमन आली नसती तं?"



आता ब्लँक शून्य आल्याशिवाय मी पहिलं सॅम्पल घेत नाही. त्यामुळे रिपोर्ट उशिरा गेला, तर उशिरा जातो.