नव्या माशांना अंधार लागतो

आई माझ्याकडे विरारला आली ती पडल्यामुळे. आगाशीच्या घरी विहिरीपाशी शेवाळावरून पाय घसरला, मनगट मोडलं, आणि तिनं आता एकटीनं राहायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. तिचं आपलं रोज एकच, प्लास्टर निघालं की मी चालले. मला तिला धाडायचंच नव्हतं. नवरा जहाजावर, आठवडाभर ऑफिस, आणि रविवार उजाडला की आगाशीची बस, यात मी पार पिचून गेले होते. आई इथेच राहिली तर तेवढी एक धाव वाचेल, असा माझा सरळ स्वार्थ होता.

म्हणून मासे आणले. जीव लावायला काही असलं की माणूस जागचं हलत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं. चार गोल्डफिश, काचेची टाकी, हवेचा पंप. आता पाणी कुठलं घालायचं? आमच्या सोसायटीत नळाला एक दिवसाआड पाणी, बाकी सगळा टँकर, आणि त्या टँकरच्या पाण्याचा चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. म्हटलं, नवे पाहुणे आहेत, चांगलं द्यावं. आम्ही स्वतः पेल्या-पेल्यानं पितो ते फिल्टरचं पाणी कळशीनं ओतून टाकी भरली. मासे सोडले, निळा दिवा लावला आणि शेजारणींना हाक मारली. आमच्या मजल्यावर नवी वस्तू आली आणि दाखवली नाही, तर महिनाभर टोमणे ऐकावे लागतात. झाडून सगळ्या आल्या आणि एकजात सगळ्यांनी काचेवर टकटक केलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर चारही मासे तळाशी, पर अंगाला चिकटवून बसलेले. रंग उतरलेला, दाणे तसेच तरंगताहेत. दुकानदाराला फोन लावला तर तो माझ्यावरच डाफरला. फिल्टरच्या पाण्यात त्यांना लागणारं काही उरतच नाही, म्हणे. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं आणि थोडं थोडं बदलायचं. दिवा बंद, आज खाणं बंद, आणि मेहेरबानी करून त्यांना सारखं बघू नका. करायला गेले एक आणि झालं भलतंच! पाय सुजलेले, जेवण व्हायचं, त्यात आता बादल्या कोण भरणार? मला रडूच आलं.

जुन्या साडीचा तुकडा आईनं टाकीवर टाकला, तुळशीची फुटकी कुंडी धुऊन आत आडवी ठेवली आणि डाव्या हातानं नळाखाली बादली सरकवली. मग ती टाकीजवळ खुर्ची टाकून बसली. कुणी बघायला आलं की दारातूनच वाटेला लावायची. त्या बादलीतलं पाणी मी एकदा लादी पुसायला घेतलं, तर माझीही खरडपट्टी निघाली.

एका दुपारी शेजारणीचा ऑफिसात फोन आला. लाईट गेलेली, पंप बंद, आणि तुझी आई केव्हाची तांब्यानं टाकीतलंच पाणी वर घेऊन परत आत सोडत बसलीय, हात दुखला तरी उठत नाही. ऐकून मला आईची काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. म्हटलं, गुंतली बाई एकदाची.

मग एक मासा कुंडीतून बाहेर आला, त्याच्यामागून बाकीचे. दाणे खाऊ लागले, रंग परत आला. आईनं साडीचा तुकडा काढून घडी करून ठेवला. त्याच आठवड्यात तिचं प्लास्टरही निघालं. शनिवारी मी घरी आले तर तिची पिशवी भरून पलंगावर ठेवलेली.

"मासे रुळले," ती म्हणाली. "आता मला ने."

माझा तोल गेला. मी म्हटलं, यांना कोण बघणार? माझ्यात जीव उरलाय का? आणि मासे नवीन पाण्यात रुळतात, मग तुलाच काय होतं?

ती चिडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला, प्लास्टरमधून नुकताच सुटलेला, हडकुळा.

"बाय, त्यांना परत जायला जागा नव्हती, म्हनून रुळले. मला हाय."

रविवारी तिला घेऊन गेले. घर झाडलं, विहिरीपाशी विटेच्या तुकड्यानं शेवाळ घासून काढलं, डाळ-तांदूळ भरून ठेवले. ती अंगणात अशी ऐसपैस बसली की इतक्या दिवसांत माझ्याकडे तशी एकदाही बसली नव्हती. परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि मी तोंड फिरवून रडले. लोकांना वाटलं असेल, आईला सोडून निघालीय म्हणून रडतेय. खरं सांगते, पुढच्या रविवारी पुन्हा यायचंय, म्हणून रडत होते.