शिखरवहीतली सही

लुबोश हावरानेकच्या दोन्ही पायांची मिळून सहा बोटं शिल्लक होती, आणि सहासष्टाव्या वर्षी त्या सहा बोटांवर तो मेलबर्नच्या चाळीस-चाळीस मजली इमारतींच्या काचा पुसत होता. दोरीवर लटकून. आत एसीत बसलेल्यांना काचेपलीकडे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बादलीसकट तरंगताना दिसायचा, मग ते फोनवर त्याचा फोटो काढायचे. हा म्हातारा एकेकाळी आठ हजार मीटरच्या आसपास बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय चाललेला आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. असणार कसं? जग शिखरावरचा फोटो बघतं, आणि लुबोशकडे तसा फोटो नव्हता.

हे ठाऊक असलेला माणूस अख्ख्या शहरात एकच. वेस्ली घोन्साल्विस, वसईतल्या नंदाखालचा. दोन हजार आठ साली स्वयंपाकाचा कोर्स करायला आला. वर्षभरात कॉलेजला कुलूप लागलं, फी बुडाली. मग याने हॉटेलांतले कांदे चिरले, टॅक्सी चालवली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवला आणि शेवटी दोरीच्या कामाला लागला. काम शिकवलं लुबोशने.

पहिल्या दिवशी गच्चीवर म्हातारा म्हणाला, "गाठ दाखव."

वेस्लीने दाखवली. लुबोशने ती चाचपली, ओढली आणि सोडून टाकली. "परत."

सात वेळा सोडली. आठव्या वेळी वेस्लीचं डोकं फिरलं. "माझा आजा ताडाच्या झाडावर चढायचा, मेट. दोरी आमच्या रक्तात आहे."

"मग आजाला बोलाव. तो येईपर्यंत तू बांध."

कामाचा नियम असा की आपली गाठ आपण तपासायची नाही. जोडीदाराने हाताने चाचपायची आणि गच्चीवरच्या वहीत आपल्या नावापुढे त्याने सही करायची. सही नाही तर उतरायचं नाही. इतर पोरं लांबूनच बघून सह्या ठोकत. लुबोश मात्र रोज चाचपायचा. नऊ वर्षं एकही दिवस चुकला नाही. "माणूस दुसऱ्याशी कमी खोटं बोलतो," तो म्हणायचा, "स्वतःशी जास्त."

ही खोड त्याची गावाकडची. उत्तर बोहेमियात वालुकाश्माचे उभे सुळके आहेत, तिथला तो. त्या सुळक्यांवर खिळा ठोकायला बंदी. दगड मऊ, लोखंडाने फुटतो. दोरखंडाला गाठ मारायची, ती भेगेत अडकवायची आणि जीव तिच्या भरवशावर टाकायचा. प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर पत्र्याच्या डबीत एक वही असते, शिखरवही. नियमाने चढला असशील तर सही कर. दोरीला धरून स्वतःला वर ओढून घेतलं असशील तर डबी न उघडता खाली उतर. लुबोश चौदा वर्षांचा असताना गावातल्या एका चांगल्या चढाईबाजाने एक खोटी सही केली आणि ती उघडकीस आली. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. त्या दिवसापासून त्याच्या दोरीला कोणी दोरी जोडली नाही, एवढंच. पंधरा वर्षं तो माणूस रविवारी सुळक्यांच्या पायथ्याशी येऊन बसायचा. हे सांगताना लुबोशच्या आवाजात दया नसायची. वेस्लीला ते खटकायचं, पण दुसऱ्याच्या गावच्या रीतींवर आपण काय बोलणार?

लुबोश आणि त्याचा जोडीदार व्हाशेक दोघं गिरणीच्या धुराड्यांना रंग मारायचे. कम्युनिस्टांच्या राज्यात बाहेरचं सामान मिळत नसे. पिसांची जाकिटं घरी शिवायची, बुटांवरची खोळ आईच्या मशीनवर. लुबोश शिवायचा, व्हाशेक पिसं भरायचा आणि शिंकायचा. असं करत करत चौऱ्याऐंशी साली दोघं काराकोरमच्या एका आठहजारी शिखराखाली पोचले. माथा साठ मीटरवर दिसत असताना व्हाशेकच्या तोंडातून फेस यायला लागला. लुबोश मागे वळला. उतरताना बर्फाचा पूल खचला, व्हाशेक भेगेत गेला, दोरी कडेला घासून तुटली. लुबोशच्या हातात बारा मीटर उरली.

खालून आवाज येत होता. लुबोशने ओरडून सांगितलं, "थांब, मी येतो."

दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन परतला तेव्हा आवाज नव्हता.

तळावर मोहिमेचा प्रमुख म्हणाला, साठ मीटरला कोण विचारतंय, माथा गाठला असं लिही. पदक मिळेल, पुढच्या मोहिमा मिळतील, गेलेल्याच्या आईला पेन्शन मिळेल. लुबोशने लिहिलं, 'माथा गाठला नाही.' पदक गेलं, पासपोर्ट गेला, पेन्शनही गेली. व्हाशेकची आई दारात उभी राहून म्हणाली, "वर गेला असतास तर म्हटलं असतं, माझा पोरगा कशासाठी तरी मेला." आणि तिने दार लावलं. पुढे लुबोश युगोस्लाव्हियामार्गे पळाला, ऑस्ट्रियातल्या छावणीत राहिला आणि मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात येऊन पोचला. पुन्हा डोंगर चढला नाही.

आता दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. कोरोनामुळे मेलबर्न सहाव्यांदा बंद. काचा पुसायचं काम ठप्प, घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायचं. दोघंही डँडेनॉन्गचे, म्हणून मास्क लावून रोज दुपारी खाडीकाठी चालायचे. त्या दिवशी लुबोशने फोन पुढे केला. त्यावर फोटो होता: काराकोरमच्या हिमनदीने खाली एक माणूस आणून टाकला होता. जाकीट घरी शिवलेलं, बुटांवर हिरवी खोळ. चेक गिर्यारोहकांच्या क्लबने लिहिलं होतं की नातेवाईक कोणी उरला नाही, मोहिमेतला जिवंत माणूस तू एकटा. खोऱ्यातले लोक पंधरा सप्टेंबरपर्यंत देह सांभाळतील. कोणी ओळख पटवायला आलं तर रीतसर पुरता येईल. नाही आलं तर बर्फ पडायच्या आत पुन्हा भेगेत सोडतील.

"टाके माझे आहेत," लुबोश म्हणाला. "मला जायचंय."

आणि जायचं कसं? त्या दीड वर्षात ऑस्ट्रेलियाने आपल्याच नागरिकांना आत कोंडून ठेवलं होतं. देश सोडायचा तर परवानगी मागा. खेळाडू भरलेली विमानं उतरत होती, नट येत-जात होते. तुमची आई मरत असेल तर मात्र फॉर्म भरा, पुरावे जोडा, वाट बघा.

फॉर्म भरण्यात वेस्लीचा हात कोण धरणार? स्टुडंट व्हिसावर आलेल्या माणसाची अर्धी जवानी फॉर्मांत गेलेली असते. फॉस्टर स्ट्रीटच्या आसपासचे निम्मे देशी लोक त्याच्याकडून अर्ज भरून घेत. शिवाय हाच अर्ज त्याने एकदा स्वतःसाठीही भरला होता. आदल्या ऑक्टोबरात नंदाखालला त्याचा बाप गेला. परवानगी आली पाचव्या दिवशी. बापाच्या शवपेटीवर मूठभर माती टाकायची असते, ती चुलतभावाने टाकली. वेस्लीने ते व्हॉट्सॲपवर बघितलं, आणि मध्येच नेटवर्क गेलं.

अर्जात रकाना होता, मृताशी नातं.

"लिही, दोरीचा जोडीदार," लुबोश म्हणाला.

तसं लिहिलं. चार दिवसांनी नकार आला. जवळचं कौटुंबिक नातं दिसत नाही.

"ऐक," वेस्ली म्हणाला. "आपण परत टाकू. भाऊ लिहितो. मावसभाऊ, सावत्र, काहीतरी. एवढ्या गर्दीत कोण उकरून बघतंय?"

"नाही."

"सदतीस वर्षं तू त्याला 'येतो' म्हणून ठेवलंयस. एका शब्दासाठी?"

"जिथे चढलो नाही तिथे मी सही करत नाही."

"नाकाने कांदे सोलणं बंद कर रे म्हाताऱ्या. तो वर वाट बघतोय आणि तू इथे नियम सांगतोयस."

लुबोश थांबला. "वेस, तू माझ्या नावाने तसं लिहिलंस तर तुझी दोरी वेगळी, माझी वेगळी."

वेस्लीने घरी जाऊन सगळं सांगितलं. बायको ऑड्री म्हणाली, "त्याला नको असेल तर सोड ना. प्रत्येकाचा फॉर्म तू कशाला भरायचा?"

"बाबांच्या वेळी कोणी माझ्यासाठी खोटं लिहिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते."

"तो तू आहेस," ऑड्री म्हणाली. "हा तो आहे."

लॉगिन वेस्लीकडेच होतं. त्याने जेवणाआधी अर्ज उघडला आणि रकान्यात 'भाऊ' लिहिलं. आडनावं वेगळी, म्हणून 'एक आई, वेगळे बाप' असं स्पष्टीकरणही जोडलं. व्हाशेकच्या गेलेल्या आईची अब्रूही त्याने हसत हसत खर्ची घातली. तीन दिवसांत परवानगी आली.

"त्यांनी परत विचार केला," वेस्लीने सांगितलं. लुबोशने त्याच्याकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा चाचपून न बघता विश्वास ठेवला.

क्लबने व्हिसा आणि तिकीट पाठवलं. लुबोशने जुनी बारा मीटर दोरी सॅकमध्ये भरली. ती त्याने सदतीस वर्षं कपाटात ठेवली होती. "ही त्याच्याबरोबर पुरेन," तो म्हणाला. परत कधी येता येईल याची खात्री नव्हती, परतीच्या सीटांनाही रांग होती. त्याने घराची किल्ली वेस्लीच्या हातात दिली.

विमानतळ ओस पडला होता. काउंटरजवळ गणवेशातला एक माणूस कागद तपासत होता. तरुण, गोड बोलणारा. त्याने स्क्रीन पाहिली, पासपोर्ट पाहिला. शिक्का-बिक्का काही उरलं नव्हतं, फक्त 'जा' म्हणायचं बाकी होतं. आणि तो मनापासून म्हणाला, "भावाचं ऐकून वाईट वाटलं, मेट. आपला माणूस असा जाणं फार कठीण."

लुबोश म्हणाला, "कोणाचा भाऊ?"

मागे सॅक धरून उभा असलेला वेस्ली पुढे सरसावला. "तो थकलाय," वेस्ली मध्येच म्हणाला, "इंग्रजी त्याला नीट..."

"तुमचा भाऊ, सर. इथे लिहिलंय."

लुबोशने हळूच मान वळवली. वेस्लीने डोळ्यांनी विनवलं. एक हुंकार पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पलीकडे विमान उभं होतं, आणि त्याच्या पलीकडे बर्फावर हिरव्या खोळीतले बूट.

"तो माझा भाऊ नव्हता," लुबोश म्हणाला. "दोरीचा जोडीदार होता."

गणवेशवाल्याचा चेहरा पडला. त्याला हे ऐकायचंच नव्हतं, पण ऐकल्यावर त्याचाही इलाज नव्हता. फोन झाले, दोन वरिष्ठ आले. परवानगी रद्द झाली, खोटी माहिती दिल्याची नोंद झाली. पुन्हा अर्ज केलात तर आधी ही नोंद बघितली जाईल, असं समजावून सांगण्यात आलं. अगदी सभ्यपणे. या देशात गळाही सभ्यपणेच दाबतात.

गाडीत वेस्ली म्हणाला, "एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं?"

डँडेनॉन्ग आल्यावर लुबोश उतरला, सॅक घेतली आणि तळहात पुढे केला. वेस्लीला आधी कळलं नाही. मग त्याने किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

सोळा सप्टेंबरला क्लबने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. वेस्लीलाही आला, कारण अर्जात त्याचा ईमेल होता. चार माणसं ताडपत्रीची चार टोकं धरून भेगेपाशी आली, कोणीतरी दोन शब्द पुटपुटलं, ताडपत्री तिरकी झाली. हिरवी खोळ एकदा चमकली. नंतर काही वेळ नुसतं बर्फ. चित्रण करणारा फोन बंद करायला विसरला होता.

शहर उघडलं ऑक्टोबरच्या शेवटी. एक नोव्हेंबरला देशाबाहेर जायची बंदीही उठली. आता कोणालाही, कुठेही, काही न लिहिता जाता येणार होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

दोन नोव्हेंबर म्हणजे मृतांचा दिवस. नंदाखालला प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लागते. वेस्लीने सकाळी घरात दोन लावल्या, एक बापाची आणि एक व्हाशेकची. मग कामावर गेला.

गच्चीवर लुबोश आधीच आला होता. वेस्लीने पट्टा चढवला, दोरी ओवली, गाठ बांधली. चांगली बांधली, नऊ वर्षांची सवय होती. ती तळहातावर धरून तो म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"बघ," तो म्हणाला.

लुबोशने स्वतःची गाठ सुपरवायझर राजीवकडून चाचपून घेतली होती. त्याने वेस्लीकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर वेस्लीने भांडून घेतलं असतं.

"वाईट लिहिलं मी, पण तुझ्यासाठी लिहिलं," वेस्ली म्हणाला. "माझा बाप असाच गेला रे. मला तुझं तसं व्हायला नको होतं."

"माहीत आहे," लुबोश म्हणाला आणि गच्चीच्या कडेवरून दोरीने खाली उतरला.

वहीत वेस्लीच्या नावापुढची जागा कोरी राहिली. "मी बघतो तुझी," राजीव म्हणाला आणि हात पुढे केला. पण वेस्ली तोवर गाठ सोडत होता. राजीवने खांदे उडवले. "मग खाली जाऊन पदपथ सांभाळ. नो वरीज, उद्या बघू."

वेस्ली खाली आला. नारिंगी शंकू मांडले, पट्टी ताणली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बाजूने जायला सांगत उभा राहिला. वर अडतिसाव्या मजल्यावर म्हातारा पुसत होता. साबणाचं पाणी थेंब थेंब खाली येत होतं. वेस्ली जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच उभा होता, आणि तिसऱ्याही.