ओठ जुळतो तो महिना

माझ्या थोरल्या मुलीचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता, थेट नाकपुडीपर्यंत. सुइणीने तिला माझ्या हातात देण्याआधी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"गिरान लागलं पोरीला," सासूबाई म्हणाल्या.

मुळशीत तेव्हा याला दुसरं कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं, कापलं, की पोटातल्या जिवाचंही तेच होतं, एवढं सरळ.

आणि मी कापलं होतं. दिवाळी उलटल्यावर भरदुपारी सूर्यग्रहण लागलं. मला सहावा महिना, म्हणून घरात बसवून ठेवलेलं. तेवढ्यात गोठ्यातल्या रेडकाच्या गळ्याला दाव्याचा फास बसला, त्याचे डोळे पांढरे झाले. हाकेला कुणी नव्हतं. मी विळा घेतला आणि दावं कापलं. रेडकू जगलं.

पोरीला अंगावर ओढता येईना. दूध पिळून चमच्याने घशात सोडायचे, त्यातलंही अर्धं ओघळून जायचं. प्रत्येक घोटाला वाटायचं, ही आता जाते. आणि रेडकू मात्र अंगाने भरत चाललेलं. वैरण टाकताना मला त्याचा राग यायचा. मुक्या जनावराचा कसला राग, पण यायचा.

पोरीने तग धरला. जरा बाळसं आल्यावर आम्ही तिला एसटीने पुण्याला नेलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी ओठ शिवला. टाके काढायच्या दिवशी न राहवून मी ग्रहणाचं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. पोटात चेहरा कसा घडतो ते त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट फिरवून दाखवलं. दोन्ही बाजूंनी मांस पुढे सरकतं, नाकाखाली एकमेकांना मिळतं आणि ओठ होतो. कधी मिळत नाही. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही, म्हणाल्या.

"पण हे सगळं दुसऱ्या महिन्यात उरकतं. तुमच्या ग्रहणाच्या कितीतरी आधी."

परतताना पौड येईपर्यंत मी रडत होते, सुखाने. घरात पाय ठेवताच सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात काही थांबला नाही.

"मंग दुसऱ्या महिन्यात काय क्येलं व्हतंस?"

दुसरा महिना म्हणजे आषाढ, भाताच्या आवणीचे दिवस. खाचरात चिखलात वाकून रोपं लावत होते. पाळी चुकली तेही त्या धबडग्यात ध्यानात आलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हापासून मी ते दिवस उलटेपालटे करून बघते आहे. काय उचललं, कुठे घसरले, काय खाल्लं. ग्रहणाचं एक बरं होतं, कापलं आणि संपलं. इथे हाताला काहीच लागत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी आवणीच्या रांगेत माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. पोटात तिचा ओठ मिळायचा राहत होता, आणि मी गाणी म्हणत होते.