पासिंगचे चार टायर

गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. "पावणं, पास हुईल न्हवं?" तीस वर्षं मी हेच ऐकतो आहे. गाडी थांबेल का, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. माणसं भरून उतार उतरायचा आहे, जरा ब्रेक बघा, असं कुणी म्हणत नाही. पास झाली की ह्यांचा जीव भांड्यात पडतो. मग वर्षभर ती गाडी कशी का चालेना.

माझं गॅरेज कोल्हापूरच्या बाहेर, तपासणीच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जागा मी मुद्दाम तिथं घेतली. भाड्यानं माणसं वाहणाऱ्या गाडीला ठरावीक मुदतीनं सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, तिला आमच्याकडे पासिंग म्हणतात. त्या पासिंगला गाडी तयार करून देणं हा माझा धंदा. तयार करणं म्हणजे दुरुस्त करणं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ते डोक्यातून काढून टाकावं. तयार करणं म्हणजे एका सकाळपुरती बरी करणं. ब्रेक तेवढ्यापुरते ताणून द्यायचे, दिवे पुसायचे, खालून सगळीकडे काळा रंग मारायचा. रंगाखाली गंज आहे की लोखंड, हे रंग मारल्यावर मलाही सांगता येत नाही.

आणि भिंतीवरचे चार टायर. व्हॅनच्या मापाचे, चाकाच्या लोखंडी डिस्कसकट, नक्षी अजून खोल असलेले. दाखवण्याच्या कार्यक्रमाला मुलीच्या अंगावर शेजारणीचा शालू घालतात, तसे मी ते आलेल्या व्हॅनला चढवायचो. गाडी मैदानावर जायची, पास व्हायची, परत यायची. मी तिचे गुळगुळीत टायर तिला परत घालायचो आणि माझे चार भिंतीवर टांगायचो. ह्या चार टायरांनी किती व्हॅन पास केल्या असतील देव जाणे. स्वतः मात्र ते गॅरेज ते मैदान एवढाच रस्ता चालले आहेत, त्यामुळे ते कधी झिजलेच नाहीत. तपासणारे साहेब समोर आणलेली गाडी तपासतात. ते त्यांचं काम नीट करायचे. माझं काम मी करत होतो.

ह्याच्या जोडीला मला एक खोड होती, वही लिहायची. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही. पुढून पास झालेल्या गाड्या, मागून नापास. नंबर, गाडीची जात, वय आणि नापास असेल तर कशात. कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्याला काहीतरी कळतं असं मला वाटायचं आणि ते लिहून ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. दहा-बारा वर्षांत अशा तीन वह्या भरल्या.

वहीत एक गोष्ट स्वच्छ दिसायची. नवी गाडी सहसा नापास होत नाही. पाच-सहा वर्षांची झाली की दिवा, हँडब्रेक असलं किरकोळ सुरू होतं. आठ ते दहा वर्षांच्या गाड्या रांगेनं आपटतात. आणि वीस वर्षांची गाडी आली, तर ती पुन्हा ऐटीत पास होते. हे ऐकलं की लोक मान डोलवायचे. "जुनं लोखंडच येगळं हुतं की वो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, कसलं जुनं लोखंड? त्याच वर्षी निघालेल्या बाकीच्या गाड्या कुठं आहेत? भंगारात गेल्या. भंगारातली गाडी पासिंगला येत नाही. ज्यांच्या मालकांनी पोटच्या पोरासारख्या सांभाळल्या, तेवढ्याच उरल्या, आणि तुम्ही उरलेल्या बघून गेलेल्यांना चांगलं म्हणता. हे मी चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ओरडून सांगायचो. माझ्याएवढं गाड्यांतलं कुणालाच कळत नाही, अशी माझी खात्री होती. लोकही गाडी घेण्याआधी माझ्या वहीला विचारायला यायचे.

आक्का आली ती अशीच. माझी थोरली बहीण, मुरगूडला दिलेली. दाजी वारल्यावर दोन वर्षं ती घरात बसून होती. मग एक दिवस गॅरेजात येऊन उभी राहिली. "मला व्हॅन घ्याची हाय," म्हणाली. "गावातल्या बायकांस्नी कागलच्या पंचतारांकित एमायडीशीत कामाला सोडायचं. जायचं आन् यायचं. ट्रॅक्टर चालवतो मी, व्हॅन काय अवघड हाय?" आमच्याकडच्या बायका 'मी चालवतो' असंच म्हणतात, आणि आक्का खरंच चालवायची. जाऊबाई हसल्या होत्या, दीर तर बोलायचाच बंद झाला होता. सासरच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती हे करणार होती. व्हॅन बंद पडली असती तर तिला गावात तोंड काढायला जागा राहिली नसती. शिवाय मागच्या सीटवर सात बायांचा जीव.

"सगळ्यात कमी नापास कुठली हुती, त्येवढं वहीत बघून सांग," ती म्हणाली.

मी वही उघडली. मागची पानं जीप, टेम्पो, रिक्षा यांनी भरलेली. आठ माणसांची ती पांढरी व्हॅन शोधूनही सापडेना. पुढच्या पानांवर मात्र सगळीकडे तीच. मी बोट ठेवून म्हटलं, "ही घे डोळं झाकून."

पाडव्याच्या तोंडावर तिनं एक व्हॅन ठरवली. शिरोळकडचा एक एजंट विकत होता, गाडी नऊ वर्षांची. आक्का म्हणाली, "एकदा खाली शिरून बघ की." त्या दिवशी माझ्याकडे गर्दी होती. शिवाय तिनं वहीवर भरवसा न ठेवता मला खाली शिरायला सांगावं, ह्याचा मला राग आला. "वही बोलतीया न्हवं? मग आणि काय बघू? आन् नुकतीच पास झालीया," मी म्हटलं. तिनं माझं ऐकलं. लहानपणापासून ती माझं ऐकत आली होती, कारण शाळेत मी हुशार होतो.

सहा महिने व्हॅन चालली. दसरा झाल्यावर एका सकाळी मला फोन आला. मुरगूडहून येताना कागलच्या अलीकडे एक उतार आहे, तिथं ब्रेक गेला. पायाखालचं पेडल नुसतं खालच्या पत्र्याला टेकलं. समोर उसाचा ट्रॅक्टर होता. आक्कानं हँडब्रेक ओढला, तोही लागला नाही. मग तिनं गाडी रस्त्यावरून काढून उभ्या उसात घातली. ऊस दाट होता म्हणून माणसं वाचली. एका बाईचे पुढचे दोन दात गेले, आक्काच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बाकीच्या बायका उठल्या, पदर झाडले आणि गेट बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून तशाच चालत कंपनीकडे निघाल्या. हे आक्कानं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता. मला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. आक्का हाताला प्लॅस्टर घालून स्टुलावर बसली होती. मी खाली शिरलो. पत्र्याच्या घडीत वाळलेला गाळ होता, बारीक, राखाडी, नदीकाठचा. ही गाडी कधीतरी पुरात बुडून उठली होती. ब्रेकचं तेल नेणारी नळी गंजून कागदासारखी झाली होती आणि जिथं फुटायची तिथं फुटली होती. नळीवर जाड काळा रंग होता. रंगात ब्रशाचा एक केस अडकला होता. मी त्या रंगाकडे बघत राहिलो. डबा संपत आला की त्यात मी जळकं ऑइल मिसळतो, त्यानं रंगाला एक तांबूस झाक येते. दुसरं कुणी असं करत नाही.

मी बाहेर आलो, हातसुद्धा न पुसता वही काढली. माघातलं पान. व्हॅनचा नंबर होता. माझं अक्षर. 'पहिल्या फेरीत पास.' मी वही मिटली.

"वाच," आक्का म्हणाली.

"काय न्हाय."

तिनं डाव्या हातानं वही हिसकावली. पान शोधायला तिला वेळ लागला नाही, तेलाचे ठसे ओले होते. तिनं नंबर वाचला, दारातल्या गाडीकडे बघितलं, मग भिंतीवर टांगलेल्या चार टायरांकडे.

"ही कुणाची?"

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा कुणाला सरळ शब्दांत सांगितलं असेल. आक्का दहावीपर्यंत शिकली आहे, पण माझ्या तिन्ही वह्यांत मला जे दिसलं नव्हतं ते तिला बसल्या जागी दिसलं.

"मंजी जीपला बसणारी टायर तुझ्याकडं न्हाईत, म्हणून जीप नापास," ती म्हणाली. "आन् व्हॅनची हाईत, म्हणून व्हॅन चांगली. व्हय?"

लोक मेलेल्या गाड्या मोजत नाहीत म्हणून मी अख्ख्या जिल्ह्याला मूर्खात काढत होतो. मी स्वतःच्या हातानं नटवलेल्या गाड्या मोजल्या आणि त्यांना देखणं म्हटलं. माझी अक्कल त्या वहीत मावत नव्हती, आणि त्या अकलेनं मी सख्ख्या बहिणीला उतारावर सोडलं होतं. मला माझीच किळस आली. एजंटाला चार शिव्या घालाव्यात म्हणून फोन लावला, तर तो म्हणाला, "पास तर तुमीच करून दिली की पावणं." मी फोन ठेवला.

व्हॅन मी पूर्ण खोलली. नळ्या, ब्रेक, हँडब्रेकची तार, सगळं नवं घातलं. आक्का रोज येऊन समोर बसायची. प्लॅस्टर निघालं. माघात पासिंगची मुदत आली. मी सवयीनं भिंतीवरच्या टायरांना हात घातला.

"हात लावू नगं," ती म्हणाली.

"तुझं टायर गुळगुळीत झाल्यात, आक्का. नापास करत्याली."

"करू देत. ही गाडी किती पाण्यात हाय, मला एकदा खरं कळू दे."

ती एकटी गेली. तासाभरानं परत आली आणि कागद माझ्यासमोर धरला. नापास, टायर. "लिही," म्हणाली. मी वही मागून उघडली आणि नापासच्या पानावर पहिल्यांदाच ती पांढरी व्हॅन लिहिली. तिनं माझं लिहून होईस्तोवर बघितलं.

"आता बस गाडीत."

"कुठं?"

"कागलला टायर घ्याला जातो. बस म्हणतो न्हवं."

मी बसलो. ती थेट कागलला न जाता मुरगूडच्या रस्त्यानं वळसा घेऊन निघाली. उतार आला तसा माझा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. ब्रेक मीच घातले होते, नवे होते, मला ठाऊक होतं. तरीही मी दाबत होतो आणि ती मुद्दाम वेग कमी करत नव्हती. अर्ध्या उतारावर तिनं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. बाजूच्या शेताला अजून तोड आली नव्हती, फक्त एका ठिकाणी ऊस आडवा होऊन वाळला होता.

"उतर," आक्का म्हणाली.

"आक्का, हितं?"

"त्या बाया हितनंच चालत गेल्या."

मी उतरलो. तिनं दार ओढून घेतलं आणि गेली. मी तिच्या मागून कागलच्या दिशेनं चालायला लागलो. ऊन लागत होतं. पाच-दहा पावलं गेलो असेन, मागून गाडीचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. वरून एक पांढरी व्हॅन येत होती, माणसांनी भरलेली. पाटी वाचता आली तसा नंबर ओळखीचा वाटला. तिच्या मागं आणखी एक. मग एक टेम्पो, त्याला गेल्या उन्हाळ्यात मीच खालून काळा मारला होता. मी रस्त्याच्या कडेला सरकलो. मग कडही पुरेशी वाटेना. मी चर ओलांडून उसात शिरलो आणि त्या सगळ्या गाड्या निघून जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.