दादूससमोरचा धवला

दादूस साहित्य संमेलनाला येणार हे कळलं आणि मी कपाळावर हात मारला. दादूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ; आमच्याकडे मोठ्या भावाला दादूसच म्हणतात. क्रिकेटच्या बातम्यांपलीकडे त्याने कधी काही वाचल्याचं मला आठवत नाही. पण संयोजकांनी त्याच्याकडे जेवणाची सोय मागितली, त्याने ती हसत दिली, आणि मग शाल-नारळ घ्यायला यायला नको? वहिनीही सोबत आली.

संमेलन भिवंडीतच, एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. लिहून अन्यायाशी लढायचं, असा विषय. मराठी, हिंदी, उर्दू, सगळं एकाच माइकवर. पॉवरलूमवरची ड्युटी संपवून तसाच आलेला एक शायर मालकांवर असा बरसला की लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मीही टाळ्या पिटल्या. पण खरं सांगू? मालकावर नि सरकारवर लिहिणं त्या मानाने सोपं. ते काही पहिल्या रांगेत येऊन बसत नाहीत. मला जिच्याशी भांडायचं होतं ती असामी समोरच पान चघळत बसली होती.

झालं होतं असं, की आमची गावची उरलीसुरली जमीन गोदामाला जायची होती. पुढच्या सोमवारी मी सही करायची होती; बापाच्या जमिनीवरचा माझा हक्क भावासाठी सोडला म्हणून. तसं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे दादूसने ठरवलं. आमच्याकडे बहिणी निमूट सही करतात. आत्याने केली होती. मला नव्हती करायची! पण माहेरी जाऊन विषय काढला की दादूस म्हणणार, "आधी जेव, मग बघू." ते मग काही उजाडत नव्हतं. बोलता येईना म्हणून लिहायला बसले, आणि लिहिलं ते धवल्यात. हळदीला, लग्नाला आमच्या बाया गातात तो धवला. आत्या गावची धवलारीण. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बाय, मी गाते. मना आता कोनाचं भ्या हाय?" मग संमेलनात आम्ही नाव दिलं.

धवल्याची रीत अशी, की धवलारीण एक ओळ सोडते, बाकीच्या बाया ती झेलतात, म्हणजे तशीच परत गातात. मगच पुढची ओळ. आमच्या झेलणाऱ्या बाया टेम्पोने निघाल्या होत्या, आणि टेम्पो कशेळीला कंटेनरांच्या मागे अडकलेला. आम्हाला पुकारलं तेव्हा स्टेजवर आम्ही दोघीच.

आत्याने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"भावाचे दारी गो बहीन आयली,
सहीला आयली, बसाला न्हाय."

आणि थांबली. दादूसचं पान चघळणं बंद झालं. संयोजक चाचा धावत आले, "माइक चालू है आपा, आगे गाइए!" आत्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "झेलाला कोन न्हाय. फुडं कशी गाऊ?" हे माइकवरच! लोक हसले. तिने पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबली.

मीच झेलायची होती. पण दादूस माझ्याकडे रोखून बघत होता, आणि मेला माझा आवाजच फुटेना. सगळं फुकट गेलं, सोमवारी मी सही करणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात ओळ झेलली गेली. बारीक, जरा बेसूर आवाजात, पण पूर्ण. वहिनीने. दादूसच्या शेजारच्या खुर्चीत बसून, सरळ समोर बघत. वहिनीचं माहेर मानकोलीचं. तिथे तिच्या बापाच्या जमिनीवर आज केवढालं गोदाम उभं आहे, आणि तिने सही केली ती लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला. तिने ती पुन्हा म्हटली तेव्हा तिच्या मागच्या रांगेतल्या बुरखेवाल्या बायांनीही ओळ धरली. शब्दांची पार वाट लावली त्यांनी, पण काय जोरात गायल्या! मग कुठे आत्या पुढच्या ओळीवर गेली. मलाही कंठ फुटला.

जेवण झकास होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

परत दादूसच्या गाडीतून निघालो, गाणी लावून. आत्या माझ्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली होती. दादूस पुढे बघतच म्हणाला, "सोमवारचं मी रद्द करतो. तुझं नाव ऱ्हाऊदे." मी "बरं" म्हटलं. मी भलतीच खूश होते.

वहिनीने पर्समधून फोन काढला. "दादूस, मी बोलते," ती फोनवर तिच्या भावाला म्हणाली. "उद्या घरी ऱ्हा. मी सही केली ना, त्याचं बोलाचं हाय."

माझ्या दादूसने हात पुढे करून गाडीतली गाणी बंद केली, तिला नीट ऐकू यावं म्हणून.