सायलीचं मशीन आणि माझा बर्फाचा खण

आज मशीनवाल्या कंपनीचा साहेब आला. चहा नको म्हणाला आणि दोनदा प्यायला. पंचवटीत आमच्या घराखालीच नात सायलीची रक्त तपासायची लॅब आहे ना, तिथे.

रोज सकाळी पेशंटच्या आधी ती एका बाटलीतलं तयार रक्त मशीनला मोजायला देते. त्यात पेशी किती ते आधीच ठाऊक असतं म्हणे. मग मोजायचं कशाला, मला काही कळेना. आज आकडा फारच कमी आला, तर तिने सगळ्यांचे रिपोर्ट थांबवले आणि या साहेबाला बोलावलं. माणसं बाकावर ताटकळली.

साहेब मशीन उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बाबा, काल लाइट सारखी जात होती. रक्त नासेल म्हणून मीच ती बाटली बर्फाच्या खणात ठेवली होती. पहाटे परत जागेवर ठेवली."

साहेब हसला. "आजी, गोठल्यावर पेशी फुटतात. मशीन ठीकच असणार. मॅडम, द्या रिपोर्ट."

सायली म्हणाली, "असणार म्हणून नाही देता येत. नवी बाटली लावून बघू." पेशंट दुसरीकडे पाठवले. मला मात्र रागावली नाही.

मशीन बरं असेल तर बंद का ठेवायचं, बायांनो, कुणी सांगाल का? पण पोरगी साहेबापुढे हलली नाही, मला लय बरं वाटलं. साहेब नवी बाटली घेऊन गुरुवारी येतो म्हणालाय.